रिकामा रकाना

"मी सांगितलं होतं हो, काकू. अगदी शपथेवर सांगते."

तिच्या मांडीवर दुपटं होतं. बाळ नव्हतं. दवाखान्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोर हातातल्या हातात गेलं. सासू म्हणाली, "ॲलर्जी सांगायची विसरलीस." नवरा काहीच म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागलं होतं.

गुप्तहेर काकूंनी दुपट्याची घडी नीट केली. "अहो, उठा. दवाखान्यात जायचंय." काका चष्मा शोधत त्या दोघींच्या मागून निघाले.

नर्सचे डोळे सुजले होते. "ॲलर्जीचा रकाना रिकामा होता, बघूनच दिलं हो."

"बाकीच्यांचा?"

"बहुतेकांच्या रकान्यात शून्य. काही रिकामे."

"कुणाच्या रकान्यात औषधाचं नाव आहे?"

नर्स थबकली. "नव्या संगणकावर... कधी दिसलं नाही."

नोंदणीवाली फणकारली. "ॲलर्जी नसली की शून्य, असली की नाव. रकाना सोडला तर जुना संगणक पुढे जाऊच द्यायचा नाही. पण हिचं काय लिहिलं, ते कसं आठवणार? दिवसभर तोंडंच तोंडं!"

संगणकवाला मात्र खुशीत होता. "जुन्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढल्या, स्वल्पविरामांनी रकाने पाडले, नव्या डेटाबेसमध्ये ओतल्या. एक ओळ हरवली नाही. वरच्या चार ओळी बघून रकाना आकड्यांचा की शब्दांचा, हे तो आपणच ओळखतो!"

"मला तर सगळेच खरं बोलताहेत असं वाटतं," काका पुटपुटले.

"बोलताहेतच. तीच तर रड आहे."

काकूंनी तिच्या नवऱ्यालाही तिथे बोलावून घेतलं.

"हिने सांगितलं नसतं, तर तिथे शून्य असतं. रिकामं आहे, म्हणजे शब्द होता." त्या संगणकवाल्याकडे वळल्या. "वर सगळी शून्यं. तुमच्या हुशार यंत्राने ठरवलं, हा आकड्यांचा रकाना. मग शब्द आला की गाळला, ब्रही न काढता. ठाऊक होतं ना?"

त्याचा चेहरा उतरला. "माहितीपुस्तिकेत 'मर्यादा' म्हणून लिहिलं होतं. आमचे साहेब म्हणाले, आपल्याच उणिवा कशाला छापायच्या? पान काढलं."

"जुनी फाइल?"

"पुसली."

"नर्सबाई, ज्यांचा रकाना रिकामा, त्या सगळ्यांच्या घरी फोन लावा. आत्ता." काकूंचा आवाज खाली आला. "आणि हे आणखी कुठे बसवलंत?"

"बऱ्याच दवाखान्यांत."

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक नव्हती गं."

तिने दुपटं छातीशी धरलं. पडद्यावर एकाखाली एक रिकामे रकाने उभे होते, प्रत्येकाशेजारी कुणाचं तरी नाव.

"माझी असती तर बरं होतं," ती म्हणाली. "एकच पोर गेलं असतं."