थकव्याची वजावट

वेधशाळेच्या पडद्यावर रावजी पेडणेकरांची गेल्या तीन वर्षांतली सगळी पावलं एका रेघेत मांडलेली होती, आणि ती रेघ खाली खाली चालली होती. आपलं म्हातारपण इतकं सुबक काढलेलं रावजींनी कधी पाहिलं नव्हतं. समोरचा चहा निवत होता, पण कप उचलायचासुद्धा त्यांना कंटाळा आला होता.

"शेवटचे आठ महिने पाहा, काका," वेधशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती टिपणीस म्हणाल्या. "थकवा दुप्पट झालाय. आम्हाला आनंद नाही हो हे सांगताना."

टेबलावर निवृत्तीचं पत्र होतं. रावजींच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या जागी घेतलेली मुलगी बसलेली होती. कुंदा मोरजकर, वय सव्वीस, डोंगरी शर्यतींची पदकं गळ्यात मावणार नाहीत इतकी, आणि आदल्याच दिवशी बोटीने आलेली. ती अवघडून जमिनीकडे पाहत होती. त्यातल्या त्यात तिलाच काही लाजबीज असावी, असं रावजींना वाटलं.

निखार बेट किनाऱ्यापासून बोटीने नऊ तासांवर. मधोमध थोरला नावाचा निजलेला ज्वालामुखी, त्याच्या अंगावर दाट रान, रानात चाळीसेक घळी आणि त्या घळींतून वरखाली जाणाऱ्या बारा पायवाटा. ऑक्टोबर ते मे देशोदेशीचे भटके या वाटा तुडवायला येत आणि त्यांच्यावर बेटाचं पोट चाले. मालवणकडून पिढ्यांपूर्वी आलेली चौसष्ट घरं केवणीच्या घळीच्या तळाशी वसली होती, कारण पाणी तिथेच होतं. थोरला जागा झालाच, तर त्याची चाहूल आधी लागावी म्हणून ही वेधशाळा.

ती कशी चालते हे मकरंद खांडेपारकर कुंदाला समजावू लागले. ते गणिती होते आणि समजावून सांगायची त्यांना फार हौस होती.

"डोंगराच्या पोटात पाहायचं तर वरून ठोका द्यावा लागतो. पण रानात सुरुंग लावायला बंदी. मग आम्ही ठोका म्हणून माणसाचं पाऊल घेतलं. प्रत्येक पायवाटेखाली हातभर खोल प्रकाशतंतू पुरलाय. पाऊल पडलं की बारीक लहर खाली जाते, खडकावरून परत फिरते, तंतू तिची नोंद घेतो. खाली घट्ट खडक असेल तर प्रतिध्वनी खणखणीत. शिलारस असेल तर तो लहर गिळतो, प्रतिध्वनी क्षीण. एका पावलाने काही दिसत नाही. लाखो पावलं एकावर एक रचली की चित्र उमटतं. याला आम्ही पाऊलकंप-चित्रण म्हणतो."

"मग भटके चालतातच की वाटांवर," कुंदा म्हणाली.

"प्रत्येकाचं पाऊल वेगळं. आम्हाला एकच माणूस हवा. तेच बूट, पाठीवर तेच बारा किलो, तीच पहाटेची वेळ. माणूस बदलला नाही म्हणजे जो बदल दिसेल तो डोंगराचा. आमच्या कागदोपत्री त्याला प्रमाण पादचारी म्हणतात."

गेली अकरा वर्षं रावजी प्रमाण पादचारी होते. त्याआधी रानरखवालदार. बिरुद ऐकून गावाने त्यांची यथेच्छ थट्टा केली होती, पण मनातून त्यांना ते आवडे.

"फक्त एक अडचण," टिपणीसबाई म्हणाल्या. "माणूस बदलतोच. थकतो. थकलेल्याचं पाऊल हळू पडतं, मग प्रतिध्वनीही क्षीण येतो, आणि खाली शिलारस नसताना असल्यासारखा वाटतो."

"म्हणून थकवा-वजावट," खांडेपारकर म्हणाले. ही त्यांची स्वतःची युक्ती होती. "दोन पावलांमधला वेळ वाढला की दिवसाच्या सरासरीवरून यंत्र थकवा काढतं आणि सगळे प्रतिध्वनी तेवढ्या प्रमाणात वाढवून घेतं. माणसाचा दोष वजा, डोंगर शिल्लक. आता मात्र वजावट इतकी मोठी झालीय की आमचाच त्यावर विश्वास बसेना. म्हणून नवा माणूस."

डोंगर ठीक आहे, रावजी बिघडले. मथितार्थ एवढाच. पत्र खिशात घालून ते उठले. चार दिवस कुंदाला वाटा दाखवायच्या आणि मग सही करायची, असं ठरलं.

घरी आले तेव्हा दुपार टळत होती आणि त्यांची बायको सुगंधा जमिनीवर चटई टाकून झोपली होती. चूल थंड होती. ही बाई एके काळी पहाटे चारला उठून सगळ्या आळीला जागं करायची. गेल्या वर्षापासून जेव्हा पाहावं तेव्हा आडवी. डॉक्टरने वय म्हणून सांगितलं, रावजींनी आळस म्हणून सांगितलं, आणि वर दोनदा घालूनपाडून बोलले होते. गावात तरी कोण ताठ होतं? चहावाला बसल्या बसल्या पेंगायचा, शाळेत मुलं बाकावर डोकी टेकायची, शेळ्यासुद्धा चरायच्या सोडून बसून राहायच्या. बेटालाच म्हातारपण आलंय, असं लोक म्हणायचे आणि जांभई द्यायचे.

तिने डोळे न उघडताच पत्राचं ऐकलं.

"करा सही," ती म्हणाली. "चेडवाकडे कल्याणाक जावया. माझ्यात आता जीव रवाक नाय."

रावजींना राग आला आणि मग रागाचाही कंटाळा आला. चाळीस वर्षं ज्या वाटांवर काढली त्या सोडून लेकीच्या चौथ्या मजल्यावर गॅलरीत बसायचं. पण बायकोच्या अंगात जीव नाही म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? त्यांनी स्वतःच भात टाकला आणि तोही करपवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुंदाला घेऊन निघाले. तिच्या पायांतही प्रमाणित बूट, पाठीवर बारा किलो. आधी सड्यावर चढायचं, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, आणि तिथून मोरीच्या घळीत उतरायचं. सड्याची चढण कुंदा गाणं गुणगुणत चढली. रावजीही चढले, आणि तिच्या फार मागे नव्हते. वर वारा होता, बरं वाटत होतं. मग रान दाट झालं, वारा पडला आणि वाट घळीत उतरू लागली. पाच-सातशे पावलांतच रावजींच्या पायांत नेहमीचं शिसं भरलं. मागे पाहिलं तर गाणं थांबलं होतं.

तळाच्या ओढ्यापाशी कुंदा दगडावर बसली. डोकं धरलं तिने. बोटीच्या प्रवासाने झोप झाली नाही म्हणाली. बसल्यावर तिला जास्तच गरगरलं, म्हणून रावजींनी तिला उभं केलं, तर थोडं बरं वाटलं. पलीकडची चढण ही त्या वाटेवरची सगळ्यात खडी. रावजींनी मनात म्हटलं, आता ही पोरगी इथूनच परत जाणार. पण निम्मी चढण होते न होते तोच कुंदाचा चेहरा उजळला, आणि माथ्यावर पोचल्यावर ती पुन्हा गुणगुणू लागली.

रावजी माथ्यावर उभे राहिले. त्यांचंही शिसं गेलं होतं. हे तर रोजचंच होतं. एकट्याने चालताना त्यांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता, कारण सगळे म्हणत होते वय झालं आणि त्यांनाही ते पटलं होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना तिथे, त्या माथ्यावर कळलं. पुढची वाट सोडून ते सड्यावरून सरळ वेधशाळेत आले.

"साहेब, हिचा आजचा थकवा काढा," ते खांडेपारकरांना म्हणाले.

खांडेपारकरांनी आकडे मागवले आणि भुवया चढवल्या. सव्वीस वर्षांच्या, पदकं मिळवलेल्या कुंदा मोरजकरचा थकवा रावजींइतकाच होता. यंत्राने इमानेइतबारे तोही वजा केला होता.

"आता सरासरी नको. वाटेवर मांडून दाखवा. आम्ही दोघं कुठे कुठे दमलो ते."

पडद्यावर वाट उमटली आणि तिच्यावर थकव्याचे लाल ठिपके. सगळे घळींच्या तळाशी.

"बाई," रावजी टिपणीसबाईंना म्हणाले, "माणूस दमतो तो चढणीला. मी उतरणीला दमतोय आणि खडी चढण चढून ताजा होतोय. ही पोरगीही तशीच. असलं कुठलं म्हातारपण असतं?"

टिपणीसबाई खुर्चीत हळूच बसल्या.

"कर्बवायू," त्या म्हणाल्या. "शिलारस वर सरकायला लागला की त्याच्यातला वायू भेगांतून आधी बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, म्हणून वारा नसला की खोलगट जागी साचतो. थोडा असेल तर माणूस नुसता थकतो, पेंगतो. आपली सगळी वायुमापकं वर मुखापाशी. घळीत एकही नाही."

"वजावट काढून टाकतो," खांडेपारकर म्हणाले. "सड्यावर तुमचं पाऊल अकरा वर्षांपूर्वीइतकंच ठाम आहे, रावजी. तिथला प्रतिध्वनी जर खणखणीत असेल..."

तो खणखणीत नव्हता. आठ महिन्यांचं चित्र वजावटीशिवाय पुन्हा रचलं गेलं. सात किलोमीटर खोल असलेला शिलारस पावणेदोनवर आलेला होता. डोंगराने दिलेली खूण तीच होती, रावजींचा थकवा, आणि यंत्र रोज नेमकी तीच पुसून टाकत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

रावजींना मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. घराची चटई त्यांच्या डोळ्यांपुढे होती. सुगंधा जमिनीवर झोपायची, घळीच्या तळाशी, वर्षभर. आणि आपण तिला आळशी म्हटलं. त्यांना भयंकर लाज वाटली. वारा पडलेलाच होता. गावाला सावध करणारा भोंगा वाजायच्या आत ते केवणीच्या घळीच्या वाटेला लागले आणि धावले. एकोणसाठ वर्षांचे, शिसं भरल्या पायांनी, पण धावले.

सुगंधा उठेना. हाका मारल्या, हलवलं, तेव्हा कुठे ओठ हलले. कुंदा मागोमाग पोचली होती. दोघांनी मिळून तिला उचलून सड्यावर आणलं. गाव वर यायला संध्याकाळ झाली. कोणी दगावलं नाही. खालच्या आळीतल्या शेळ्या मात्र गेल्या.

बोटी यायला तीन दिवस लागले. तोवर चौसष्ट घरं सड्यावर कातळावर उघडी पडली होती. बेट कायमचं सोडायचं म्हणजे रडारड होणार, असं टिपणीसबाईंना वाटलं होतं. झालं भलतंच. पहिल्याच पहाटे लोक उजाडायच्या आधी उठले. मुलं कातळावर हुंदडू लागली. चहावाला चार चुली मांडून बसला. वर्ष-वर्ष मिटलेली भांडणं नव्या दमाने सुरू झाली. लग्नघर वाटावं इतकी सगळ्यांच्या अंगात तरतरी आली होती, आणि ती सगळी निघण्याच्या तयारीतच खर्च होत होती.

तिसऱ्या दिवशी टिपणीसबाई रावजींची तपासणी झाल्याचा कागद घेऊन आल्या. हृदय, फुप्फुसं, गुडघे, सगळं ठणठणीत.

"आमची फार मोठी चूक झाली, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून दहा वर्षं सहज चालाल."

"कुठल्या वाटेने, बाई?"

रावजींनी कागद घेतला, घडी घातली. बाईंना उगीच टोचून बोललो असं वाटून त्यांनी त्यांना चहा घ्यायला लावला.

सुगंधा पहाटेपासून चाळीस माणसांच्या भाकऱ्या भाजत होती. शेजारणीशी मिठावरून तिची कडाक्याची वादावादीही झाली होती. दुपारी हात धुऊन ती रावजींजवळ येऊन बसली. गालांवर रंग आला होता. खाली घळीवर धुकं नव्हतं, आणि त्यांच्या घराची कौलं इथून स्पष्ट दिसत होती. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

"माका कल्याणाक जावचा नाय," ती म्हणाली. "मी दमलंय म्हणान बोललंय. आता मी बरी आसंय. चला, घराक जावया."

रावजींनी तिचा हात हातात घेतला आणि आपला नंबर दुसऱ्या बोटीत लागलाय, हे तिला सांगितलं.