जाळीच्या दोन बाजूंच्या वह्या

तो आला तो पाठमोरा. ट्रकमधून आधी एक उंच लाकडी पेटी उतरली, मग ती धरून उलटा चालत तो, आणि चालता चालता त्याची पाठ थेट बारकीच्या हातातल्या बादलीवर आदळली. दोघंही चिंब भिजले. पेटीच्या फटीतून एक लांब चोच बाहेर आली आणि चिडून टकटकली.

"तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त राग आलेला दिसतोय," तो ओशाळून म्हणाला.

"त्याला आंघोळ घडली नाही ना, म्हणून," बारकी पदराचं पाणी पिळत म्हणाली.

आज ती त्या प्राणिसंग्रहालयाच्या पक्षिविभागाची प्रमुख आहे. नाकावर चष्मा आहे, नव्या मुली तिला वचकून असतात. पण त्या दिवसांचा विषय निघाला की अजूनही तिचे कान लाल होतात. तेव्हा ती विभागात सगळ्यांत लहान होती, म्हणून बारकी. आणि तो दूरच्या शहरातून करकोचा घेऊन आलेला, म्हणून सगळ्यांचा पाहुणा.

करकोच्याचं नाव लंबू. त्याला इथल्या मादीसाठी आणलं होतं. करकोचे बहुधा एकदाच जोडीदार निवडतात आणि जन्मभर निभावतात, त्यामुळे निवडताना मादी भलती चोखंदळ. इथल्या मादीनं तर आधीच्या दोन नरांना टोचून पिटाळलं होतं. तिला सगळे सरकार म्हणत, ते उगीच नाही.

डॉक्टर मॅडमची शिस्त कडक होती. दोन पिंजरे शेजारी, मध्ये जाळी. लंबूच्या बाजूला पाहुणा, सरकारच्या बाजूला बारकी. प्रत्येकाची वही वेगळी, एकमेकांना दाखवायची नाही. कोणी कोणाकडे पाहिलं, कोण नाचलं, कोण पाठ फिरवून गेलं, सगळं वेळेसकट लिहायचं. दोघं मिळून नाचल्याची किंवा एका सुरात ओरडल्याची नोंद दोन्ही वह्यांत तीन दिवस आली, की जाळी काढायची आणि पाहुण्यानं आपल्या गावी जायचं. सहा आठवड्यांत तसं काही झालं नाही, तर लंबूलाही सोबत न्यायचं.

पहिले काही दिवस दोघं फक्त पक्ष्यांबद्दल बोलत. निदान तसं दाखवत.

"सरकारांना आमच्या लंबूत काय कमी दिसतं?" एकदा त्यानं विचारलं.

"कमी नाही, जास्त. घाई. आल्या दिवसापासून पिसं फुलवून उभा आहे."

"मग काय करावं बिचाऱ्यानं?"

"काही नाही… जवळपास चरावं. रोज दिसावं. सवय होऊ द्यावी."

पाहुण्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं स्टूल रोज वीतभर जाळीच्या जवळ यायला लागलं. बारकीला ते दिसत होतं, पण तशी नोंद करायला तिच्या वहीत रकाना नव्हता. डब्यात ती दोघांपुरतं भरायला लागली, तेव्हा घरी मावशीनं काही न विचारता फडताळातून मोठा डबा काढून दिला.

सोळाव्या दिवशी लंबूनं मान उंच करून हाक दिली. आणि सरकारनं, त्या हट्टी बाईनं, श्वासभरही न थांबता उत्तर दिलं. हाकेत हाक मिसळत गेली. बारकीच्या अंगावर काटा आला. तिनं जाळीपलीकडे पाहिलं, तर पाहुणा मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होता. बरं झालं, याचं लक्ष नव्हतं… तिनं पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि लिहिलं: विशेष काही नाही.

मग रोजच तसं लिहिलं. नोकरीत पहिल्यांदाच ती खोटं लिहीत होती, आणि तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं सहाव्या आठवड्यात. शनिवारी लंबू पेटीत जाणार होता. सरकार उजाडल्यापासून जाळीला खेटून उभी राहत असे, दाण्याकडे ढुंकूनही बघत नसे. खरं सांगितलं तर पाहुणा जाणार. नाही सांगितलं तरी तो जाणारच, वर लंबूही जाणार. आपल्या चार दिवसांच्या सुखापायी आपण हिचा जन्म उसवतोय, हे बारकीला सहन होईना. शुक्रवारी सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडमनी पाहुण्याला बोलावलं आणि दोन्ही वह्या टेबलावर उघडल्या. त्याच्या वहीतही तेच. विशेष काही नाही, विशेष काही नाही, पानंच्या पानं.

"जोडीनं ओरडणारे करकोचे फाटकापर्यंत ऐकू येतात," मॅडम म्हणाल्या. "साडेतीन आठवडे मी याच खुर्चीत बसून ऐकतेय. तिकीटवालासुद्धा विचारून गेला, लग्न ठरलं का म्हणून. तुमच्यापैकी आधी कोण येतंय, तेवढंच बघत होते."

दोघांच्या माना खाली. प्रेमात पडलेल्यांना कमी दिसतं असं म्हणतात, पण अक्कलही थोडी कमी पडत असावी.

मग मॅडमनी दोघांना कोरे कागद दिले, खरं काय घडलं ते आठवून लिहायला लावलं. लिहून झाल्यावर वाचले. बारकीचा कागद सोळाव्या दिवसापासून सुरू होत होता. पाहुण्याचा अकराव्या. मॅडमनी तो तिच्याकडे सरकवला आणि जाळी काढायला माणसं बोलावते म्हणून बाहेर गेल्या.

'सकाळी दहा. बारकी दाणे आणायला कोठीत गेली होती. सरकार लंबूबरोबर नाचली. नोंद केली नाही. केली असती तर माझे इथले दिवस कमी झाले असते.'

बारकीनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे खोटं तू आधी लिहिलंस."

"हो."

"मग खरंही तूच आधी बोल."

त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. "मला तू आवडतेस. उद्याच्या गाडीनं मला जावं लागेल… पण तिकडे राहायचं नाही. तू हो म्हणालीस तर."

"हो," बारकी म्हणाली, आणि उरलेला कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. "बदलीचा अर्ज आत्ताच लिही. मॅडम येतील इतक्यात."

अर्ज मंजूर व्हायला आठ महिने लागले. तशी वाट तिनं पुन्हा कोणाची पाहिली नाही. पाहावी लागली नाही, तो आला तो इथलाच झाला. तरी कधी कधी तिला ते हुरहुरीचे आठ महिनेच परत हवेसे वाटतात.