लाल कोटातली बाई

"बाई गेली!"

तळघरातून एबरहार्ड ओरडला तशी त्याची बायको आनेलोरे हातातला पाव टाकून खाली धावली. मोठ्या फळीवर त्यांच्याच नेकार नदीकाठच्या गावाची एबरहार्डनं बनवलेली प्रतिकृती होती, वीतभर घरांची. पाणचक्की फिरत होती, जत्रेतला पाळणा फिरत होता, गाडी स्टेशनात शिरत होती. फक्त स्टेशनसमोरच्या घराची खिडकी रिकामी होती. गाडी आली की त्या खिडकीतून लाल कोटातली एक बाहुली रुमाल हलवायची.

आनेलोरेला मनातून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला? त्या नखाएवढ्या बाईवर ती जळायची. आपण नवा कोट घेतला तरी नवऱ्याला दिसत नाही, आणि हिच्या कोटाची चार बटणं त्यानं भिंगातून एकेक रंगवलेली. तीन लाल, एक काळं!

"दे तिला परत," एबरहार्ड म्हणाला.

"मी घेतली?"

"मग कोणी? तुझ्याच डोळ्यांत खुपत होती. ती मिळेपर्यंत मी वर जेवायला येणार नाही, झोपायलाही नाही."

आणि हा निवृत्त इंजिन ड्रायव्हर खरंच गादी घेऊन तळघरात गेला. आता आनेलोरेला हसू येईना. न केलेल्या चोरीपायी संसार मोडायचा, तोही त्या भवानीसाठी?

"काल इथे काय केलंस?" तिनं उलटतपासणी सुरू केली.

"गाडी चालवली. वळणावर शेवटचा डबा घसरला, तेवढ्यात तू कॉफीला हाक मारलीस. तसाच सोडून वर आलो."

"पुन्हा खाली कधी आलास?"

"आज सकाळी. बटण दाबलं, गाडी सुटली."

"घसरलेल्या डब्यासकट?"

"डबा रुळावर होता," तो सावकाश म्हणाला.

आनेलोरेनं फळीखाली वाकून पाहिलं. बाहुलीचा हात हलवणाऱ्या मोटरच्या तारा कापल्या होत्या. उघड्या टोकांना मात्र चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती.

काल कॉफीला दोघंच आले होते: जावई योखेन आणि एबरहार्डचा शाळेपासूनचा मित्र गेरोल्ड. दोघंही मध्येच हात धुवायला उठले होते. गेरोल्ड विधुर होता, आणि त्याच्या घरीही अशीच आगगाडी होती. आनेलोरेनं दोघांना पुन्हा बोलावलं, थेट तळघरात. ते येण्याआधी तिनं एक डबा हळूच रुळावरून ढकलला.

"योखेन, काल खाली आला होतास?"

"आलो की! माप घ्यायला. वाफेच्या सॉनाची खोली मस्त बसेल इथे. हे खेळणं कधी हलवताय?" त्यानं कॉफीचा कप फळीवरच्या पुलावर टेकवला. एबरहार्ड कळवळला.

"आणि तू, गेरोल्ड?"

"छे! हा जिना माझ्या गुडघ्यांना झेपतो का? आज तू बोलावलंस म्हणून उतरलो. महिनाभर मी इथे..." बोलता बोलता गेरोल्डची बोटं फळीवर गेली. घसरलेला डबा त्यानं अलगद उचलला आणि चाकं रुळावर बसवली.

"खिसा रिकामा कर, गेरोल्ड," आनेलोरे म्हणाली.

"काय पुरावा?" गेरोल्ड म्हणाला.

"हाच. योखेननं तारा उपटल्या असत्या. मी असते तर अख्खं गाव उलथवलं असतं. पण चोरानं तारांची टोकं गुंडाळली, ठिणगी पडू नये म्हणून. वर घसरलेला डबाही बसवून गेला. चोरी करतानासुद्धा ज्याला घसरलेला डबा बघवत नाही, असा गावात तूच. आत्ताही राहवलं नाही तुला."

गेरोल्डनं खिशातून काड्यापेटी काढली. आत कापसावर बाहुली निजली होती.

"काल भिंग इथेच पडलं होतं, म्हणून सहज पाहिलं," तो म्हणाला. "हा कोट माझ्या बायकोचा, ट्राउडेचा. एक बटण हरवलं, तिनं काळं लावलं. एकच हिवाळा वापरला तिनं तो. मी तेव्हा हाम्बुर्गला कामावर होतो. मी परत आलो तोवर तो कपाटात गेला होता. त्या आमच्या खिडकीत तिला कोटासकट कोणी पाहिलं, एबरहार्ड?"

"कुठला हिवाळा?" आनेलोरेनं विचारलं.

"तुमच्या लग्नानंतरचा पहिला."

एबरहार्ड घाईनं बायकोकडे वळला. "आनेलोरे, माझं चुकलं. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"त्याचं मी मग बघते," ती म्हणाली. "ती हात हलवायची तेव्हा इंजिनात कोण असायचं?"

"मी."

"आणि तूही हलवायचास?"

एबरहार्डनं एकदा मित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"रोज," तो म्हणाला.