मारांडीचा अर्क

"मॅडम, हलू नका! हलाल तेवढ्या आत जाल."

वडखळजवळच्या खाजणातल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेल्या नमिताने मान वर केली. बांधावर एक सावळा, तरतरीत मुलगा उभा होता — आणि हसू दाबत होता.

"हसताय काय? हात द्या ना!"

त्याने हात दिला. एक चप्पल खाडीला अर्पण करून ती बाहेर आली. पण मुठीतली मारांडीच्या झुडपाची काटेरी पानं काही सोडली नव्हती.

"एवढं काय हाय या पानांत?"

"तेच तर शोधतेय!"

त्याचं नाव आदेश. वाडवडील मिठागरात राबलेले, हा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. नमिताही रोह्यालाच कॉलेजात पीएचडी करत होती. खाडीकाठच्या झाडांचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर काय करतात, ते ती तपासत होती. मग काय... शिफ्ट सुटली की आदेश ताजी पानं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर!

"आधीचीच पानं उरलीत अजून," ती म्हणायची.

"मग जाऊ मी?"

"...चहा घेऊन जा."

एका दुपारी तिने त्याच्यासमोर जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब सोडले. जांभळा रंग विरत विरत पिवळा झाला. अर्कात अँटिऑक्सिडंट गुण होता! आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला... आणि सोडायला विसरली.

पुढे मुंबईहून पेशींवरच्या चाचणीचा निकाल आला. अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या! तिने धावत जाऊन आदेशला सांगितलं. तो मात्र खाली बघत म्हणाला,

"आईच्या छातीत गाठ निघालीय. कॅन्सरच हाय. ऑपरेशनला नाय बोलते ती. नमिता, मला ती अर्काची बाटली दे."

"नाही देता येणार."

"का?"

"पेशी काचेच्या भांड्यात मेल्या, आदेश. माणसाच्या अंगात हा अर्क औषध होईल की विष, मला माहीत नाही."

"तुझी आई असती तर?"

"तरी नसता दिला."

तो पाठ फिरवून चालता झाला. नमिताला अन्न गोड लागेना. शेवटी रविवारी ती सरळ त्याच्या घरी जाऊन धडकली. तिला बघून आदेशने मान वळवली. त्याची आई, शांतीबाई, ओटीवर बसली होती.

"तूच का गो ती पानंवाली? दे ना मग दवा."

नमिता तिच्याजवळ टेकली. "मावशी, माझ्या अर्काचं औषध व्हायला वर्षं जातील. झालं तर. गाठ तेवढं थांबायची नाही. ऑपरेशन करून घ्या. मी येते बरोबर."

शांतीबाईचे डोळे भरले. "भ्या वाटतं गो कापून घ्यायचं... पोराला कसं सांगू?"

आदेश चटकन उठून आईपाशी आला.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ वेळेवर काढली, आता केमो घ्यायची, पण घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. वॉर्डात आईच्या खाटेशी आदेश हळूच म्हणाला, "तू बाटली दिली असतीस ना, तर मी आईला पाजली असती. तू नाय दिलीस... म्हणून ही समोर हाय." तो अडखळला. "नमिता... मला तू आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?"

नमिता चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"बोल की गो! कवापासून डोळे मिटून पडलेय मी तुमच्यापायी!"

आदेश कानापर्यंत लाल झाला. नमिता खुदकन हसली, वाकून शांतीबाईची चादर सारखी केली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली,

"हो मावशी. करणार."