मोजणीत नसलेले आजोबा

ऊर्वीच्या दृष्टीने आजोबांशी ठरलेला सौदा फायद्याचा होता. कुर्ल्याच्या गाभ्यातून (यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या मुख्य आज्ञावलीतून) जुना हातचालक (हाताला कामं सांगणारी जोड-आज्ञावली) काढायचा, नवा बसवायचा. बदल्यात आजोबांच्या पाणबुडीतून शेवाळशेतीची पहिली फेरी. कष्ट म्हणाल तर दोन वाक्यं बोलण्याचे.

कुर्ल्या म्हणजे खाडीतल्या तरंगत्या प्रयोगशाळेचा यंत्रखेकडा. पाय आठ, लांब हात एक, आणि कारभार चोख.

“हातचालक कोण वापरतंय?” ऊर्वीने विचारलं.

“शून्य जण.”

“मग काढ.”

त्याने काढला. लगेच बाहेरून आजोबांचा आवाज आला, “ऊर्वी, हात का थांबला गं?”

ती कठड्याशी धावली. शेवाळाच्या दोऱ्या तपासायला निघालेले आजोबा कुर्ल्याच्या हाताला टांगलेल्या झोळीत अडकले होते, आणि भरतीचं पाणी त्यांच्या पावलांना लागलं होतं. खाली ओढ अशी, की त्यांच्या वयाला पोहणं झेपलं नसतं.

ऊर्वी चक्रावली. “शून्य म्हणालास ना? मग हे कोण?”

“आजोबा.”

“ते दिसतंय मला. मोजले का नाहीस?”

“मी माणसं मोजत नाही, मागण्या मोजतो. चालक हवा असला की आधी मला सांगायचं. मी संदर्भसंख्या (किती जणांचं काम त्यावर चालू आहे तो आकडा) एकाने वाढवतो. काम झालं की सांगायचं, एकाने उतरवतो. जाळी धुणारा ब्रशसुद्धा सांगतो. आजोबांनी परस्पर हात चालू केला. म्हणाले, घरच्या माणसाने कसली वर्दी द्यायची?”

पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

“जुना चालक परत बसव.”

“बसवला. पण हात त्याला जुन्याच जागी शोधतोय.”

ऊर्वीला काही कळेना. “चालक आहे, हात आहे, आणि भेट होत नाही?”

“चालकाचं बिऱ्हाड हललंय, परत बसला तो दुसऱ्या जागी. हात रिकाम्या खोलीचं दार वाजवतोय. त्याला बंद करून नव्याने सुरू करावं लागेल. तेवढा वेळ तो सैल पडेल.”

“आजोबा, झोळी घट्ट धरा. श्वासही,” ऊर्वी ओरडली. “आता कर.”

हात सैल पडला. आजोबा पूर्ण बुडाले. मग हाताला जोर आला आणि ते निथळत वर आले.

कोरडे कपडे घालून झाल्यावर त्यांनी बजावलं, “शून्य आकडा खरा कधी? प्रत्येकाने वापराआधी सांगितलं, आणि काम संपल्यावरच सोडलं, तर.”

“प्रत्येकाने म्हणजे?” ऊर्वीने विचारलं.

“मीही आलो त्यात,” आजोबा पुटपुटले.

ऊर्वीने सगळ्यांना विचारून पुन्हा चालक काढायला घेतला. तेवढ्यात आजोबांना तपासायची राहिलेली एक दोरी आठवली. “कुर्ल्या, एक माझा धर रे.”

“काढणं सुरू झालंय. आता नव्याने कुणालाच मिळणार नाही.”

“अरे, मी घरचा.”

“म्हणूनच ओले झालात.”

नवा चालक बसला. उद्या नाजूक हाताने शेवाळाचं रोपही उचलता येईल, आणि ऊर्वीची फेरीही ठरली. चूक दोघांत निम्मी-निम्मी: तिने आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांनी आकडा खरा ठेवला नाही. भुर्दंड मात्र एकट्या आजोबांना. त्यांचा चष्मा खाडीने ठेवून घेतला.