'सेट'ची राख

सोमवारी सकाळी बॉयलर धड पेटेना, म्हणून पिंगरी कोश-कचेरीच्या भट्टीवाल्याने आत सळई घातली. कोळशाची राख करडी असते. ही काळी होती, पापुद्र्यांची, फुंकरीने उडणारी. एवढा कागद कुणी जाळला ते त्याला कळेना. दुसऱ्या मजल्यावर ऑर्विल प्रॅटना मात्र लगेच कळलं. त्यांच्या कपाटाचे सगळे खण रिकामे होते.

'सेट' गेला होता.

कोशातले बहुतेक शब्द दोन ओळींत आटोपतात. काही माणसाचं आयुष्य खातात. सूर्य बुडतो तो सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, जेली घट्ट होते ते सेट, टेनिसचा डावही सेट. आपल्या 'लागणे'ची गत तीच: भूक लागते, आग लागते, नोकरी लागते आणि शेवटी कोशकाराची वाट लागते. दर अर्थाला पुरावा हवा. पुरावा म्हणजे एक चिठ्ठी: कुठल्यातरी पुस्तकातलं वाक्य, पुस्तकाचं नाव, पान. 'सेट'च्या अशा चिठ्ठ्यांची सुतळीने बांधलेली पुडकी प्रॅटच्या कपाटात भरलेली असत.

प्रॅटच्या समोरच्या टेबलावर मिस ल्युएला स्टोडार्ड 'रन' सांभाळत. नाक वाहतं, गिरणी चालते, माणूस निवडणुकीला उभा राहतो, पायमोजा उसवतो, सगळं रन. इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थांचा शब्द कुठला, ही त्या दोघांची शर्यत. तीत दोघांचेही केस पिकले होते.

पोलीस सार्जंट ओव्हिला थिबोडो आला. गिरणीच्या वस्तीतला, घरी फ्रेंच बोलणारा. संपादकांच्या मजल्यावर बोलायला बंदी होती, म्हणून मुख्य संपादक डॉ. पिंगरींनी त्याला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, मग तोंड उघडलं.

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, प्रॅटकडे, मिस स्टोडार्डकडे."

"रविवारी कोण कुठे होतं?"

"मी बॉस्टनला. प्रॅट बहिणीकडे जेवायला. बाई इथे. चर्च सुटलं की त्या इथेच येतात. घरी कोण आहे त्यांना?"

"हल्ली काही नवीन घडलं?"

"कोश छपाईला चाललाय. त्याआधी बाहेरचे एक प्राध्यापक येऊन दोघांच्या चिठ्ठ्या मूळ पुस्तकांशी ताडून बघणार आहेत. नेहमीची रीत." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघा सार्जंट, 'रन' मागे पडला होता. बाईंना ते ठाऊक होतं. शुक्रवारपर्यंत तुम्ही दुसरा कुणी दाखवा, नाहीतर मी त्यांना काढतो. निवृत्तीवेतन नाही, कोशावर नाव नाही."

"निवृत्त कधी व्हायच्या होत्या?"

"ह्याच वसंतात. दुर्दैव."

दुर्दैव हा शब्द डॉक्टरांनी असा उच्चारला, की त्याला एकच अर्थ असावा आणि तोही दुसऱ्याचा.

तळघरात थिबोडोने राख चाळली. एकही अर्धवट जळालेला कागद नाही. त्याने रद्दीचं एक बांधलेलं पुडकं भट्टीत टाकलं, थोड्या वेळाने चिमट्याने ओढून काढलं. कडा काळ्या, पोट शाबूत. आतल्या पानावरची टोप्यांची जाहिरात चक्क वाचता येत होती.

भिंतीतल्या फळीवर सुतळीचा डबा होता. ह्या कचेरीत सुतळी फेकायची नाही, गाठ सोडून गुंडाळून डब्यात टाकायची, असा थोरल्या पिंगरींच्या वेळचा नियम. डबा काठोकाठ भरला होता.

"शनिवारी होता का एवढा भरलेला?" थिबोडोने विचारलं.

"छे. तळाला चार गुंडाळ्या असतील," भट्टीवाला म्हणाला.

थिबोडोने प्रॅटच्या बहिणीला फोन केला. भाऊ आला होता, जेवला, पोट दुखतं म्हणून पुडिंग न खाता गेला. पुडिंग टाकून उठल्याचा बहिणीला अजून राग होता.

बुधवारी डॉक्टरांचा शिपाई धावत आला: मिस स्टोडार्ड ग्रंथालयात पुस्तकं उपसताहेत. थिबोडोने त्यांना कोट टांगायच्या खोलीत आणलं. तिथे बोलायला मुभा होती.

"काय शोधत होतात, बाई?"

"'सेट'."

"त्यांचा?"

"मग काय तुमचा? जळल्या त्या चिठ्ठ्या. वाक्यं पुस्तकांत आहेतच. पुन्हा उतरवायची."

"त्यांनी तुम्हाला चोर ठरवलंय."

"ते प्रॅटनी. 'सेट'ने माझं काय वाकडं केलंय?"

"सापडताहेत?"

"काही सापडतात. काही नाही. त्यांचे खर्डे मीच तपासत असे, बरंच पाठ आहे. म्हणजे पाठ आहे असं वाटत होतं. वय झालं माझं, सार्जंट. पान उघडते, तर वाक्यच नाही."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"शुक्रवारी हाकलायचंच आहे, वर म्हातारचळ लागलाय हेही सांगू?"

दुपारी थिबोडो प्रॅटकडे गेला. प्रॅट रिकाम्या खणांसमोर खुर्ची टाकून बसले होते. सुतकाला बसावं तसे. त्यांनाही कोटांच्या खोलीत आणावं लागलं.

"परत नाही का जमवता येणार? पुस्तकं तर वरच आहेत."

"पुस्तकं आहेत हो. माझं आयुष्य कुठून आणू?"

"एखादी चिठ्ठी आठवते?"

"एखादी?" प्रॅटचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे मिटले आणि घडाघडा म्हणायला सुरुवात केली. देवमासे मारणाऱ्या कप्तानांची आत्मवृत्तं, खेड्यांतल्या पाद्र्यांची प्रवचनं, कुणी न वाचलेली शेतीची पुस्तकं. वाक्य, नाव, पान. थिबोडो लिहून घेत राहिला. माणसाची कमाई म्हणावी तर ही.

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीत चौघं जमली. मिस स्टोडार्ड कोट घालूनच आल्या होत्या.

"बाईंना सोडा," थिबोडो म्हणाला. "त्यांनी जाळलं नाही."

"पुरावा?" डॉक्टर म्हणाले.

"जाळणाऱ्याने एकेक पुडकं सोडलं. मूठ मूठ कागद आत घातला. सुतळी मात्र सवयीने गुंडाळून डब्यात टाकली, म्हणजे माणूस ह्याच घरातला. आता सांगा, मला तुमचा सूड घ्यायचाय. मी पुडकी तशीच भट्टीत कोंबीन आणि पळेन. अर्धं वाचलं तर वाचलं, तुमचं नुकसान झालंच. शत्रूला नुकसान पुरतं. शेवटचा कागद जळेपर्यंत कोण बसतं? ज्याला काही लपवायचंय तो."

प्रॅट म्हणाले, "मी माझंच घर कशाला जाळीन?"

"घरात काय पुरलंय ते दिसू नये म्हणून. प्राध्यापक येणार होते. रविवारी तुम्ही पुडिंग न खाता उठलात आणि बाई गेल्यावर इथे आलात. घर जळालेला माणूस राखेत हात घालतो, प्रॅटसाहेब. तुम्ही बसून राहिलात. हात घातला तो बाईंनी. आणि त्यांना वाटलं, आपल्याला म्हातारचळ लागला."

थिबोडोने खिशातून कागद काढला. "तुम्ही म्हणून दाखवलेली वाक्यं मी काल वर जाऊन पाहिली. पुस्तकं आहेत. पानं आहेत. निम्म्याहून जास्त वाक्यं नाहीत. तुम्ही ती स्वतः रचलीत. अर्थही रचलेत."

प्रॅट बोलले. आवाज मजल्यावर असल्यासारखा, दबका. "ती पुढे गेली होती. दर महिन्याला डॉक्टर सांगायचे. 'रन' पुढे गेला, प्रॅट. बाईमाणसाकडून हरणार तुम्ही."

मिस स्टोडार्डनी मान वळवली. "मला म्हणायचे, 'सेट' पुढे गेला. आता काय, घरी बसून विणकाम करा."

दोघंही डॉक्टरांकडे बघू लागली.

"काम झालं की नाही?" डॉक्टर म्हणाले. "दोघांनी मिळून तीन माणसांचं केलंत."

"खरं पुढे कोण होतं?" मिस स्टोडार्डनी विचारलं.

"मी कधी मोजलंच नाही."

थिबोडोने प्रॅटना उभं केलं. ह्याच्यासाठी कायद्यात कलम होतं. डॉक्टरांसाठी त्याने मनातल्या मनात सगळी कलमं चाळली, एकही लागू पडेना.

"मिस स्टोडार्ड, तुमची नोकरी अर्थातच कायम," डॉक्टर म्हणाले. "निवृत्ती मात्र आता पुढे ढकलू. 'सेट' नव्याने करावा लागेल. दुसऱ्या कुणाला जमणार?"

मिस स्टोडार्डनी कोटाची बटणं सोडली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग दारात पोचलेल्या प्रॅटना हाक मारली.

"खऱ्या चिठ्ठ्या कुठल्या होत्या, तेवढं सांगून जा. माझी वर्षं वाचतील."

प्रॅटनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सोमवारपासून पहिल्यांदा ते हसले.

"शोधा, बाई," ते म्हणाले. "दुसरं आहे काय तुम्हाला?"