शाळेच्या दारातला हंडा

दिवा बारीक कर, टेम्पी. आणि दार लोटून घे.

सन अठराशे अडुसष्ट, अकरा सप्टेंबर, शुक्रवारची रात्र. इथे मिसिसिपीत आपली गुलामी सुटून तीन वर्षं झाली होती. मदतकेंद्रातून मक्याचं पीठ मिळालं होतं. पण माझा शेजारी मिंगो, त्याच्याकडे शिजवायला भांडंच नव्हतं. त्याची बायको हेस्टर चार दिवस उपाशी होती. आठवड्यापूर्वी त्यांची लेक फीबी रात्रशाळेत जळाली होती.

"कुणी जाळली, काका?"

पांढरे बुरखेवाले गोरे. आपली पोरं शिकलेली त्यांना नको होती. आम्ही भुतं आहोत म्हणायचे. घोडे मात्र गोऱ्या गिरणीवाल्याचे!

हसू नका.

मी मिंगोला म्हटलं, "माझा हंडा ने." तो म्हणाला, "तुझ्या हंड्याला भोक. लापशी चुलीलाच पाजतोस तू. शाळेचा आणतो."

शाळेच्या दारात लोखंडी हंडा पालथा असायचा. आतला आवाज त्यात अडकतो, मालकापर्यंत जात नाही, ही आपली गुलामीतली रीत. सगळे घरी पोचल्याशिवाय तो उचलायचा नाही. आणि आगीच्या रात्री तर कुणीच घरी पोचलं नव्हतं. मिंगोला ते सुचलं नाही. त्याला हेस्टरचं जेवण दिसत होतं.

दिवसा तिथे गिरणीवाल्याची माणसं बसत. म्हणून तो अकराच्या सुमाराला गेला. राख गार होती. हंडा जागेवर होता.

त्याने उचलला.

मुलांचे आवाज आले. मुळाक्षरं म्हणत होती. मग टापा. मग बाई, "खाली वाका." मग...

"बाबा, दार उघडत नाहीये."

मिंगो धावला. दार कुठलं? चौकटही उरली नव्हती. तो हवेत कडी चाचपू लागला.

"आलो गं... आलो..."

"बाबा..."

कडी सापडेना.

"बा..."

मग काही नाही. हंडा कानाला लावला. काही नाही. पालथा ठेवला. पुन्हा उचलला...

काही नाही.

पहाटे तो माझ्या दाराशी आला, रिकाम्या हातांनी. सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा म्हणत होता, "समोर होती रे. माझ्या समोर होती."

मग घरी जायला वळला.

मी कंदील वर धरला. सदऱ्याचं मागचं टोक चुरगळलं होतं, मुठीत धरून ओढल्यासारखं. त्यावर काजळीची चार बोटं.

लहान.